अंतर आणि अवधी

इसवी सन १८८३ च्या एप्रिल महिन्याची ७ तारीख. कलकत्त्याच्या बंदरातून एक आगबोट निघाली. तिच्यात अवघी अठरा वर्षांची एक मराठी तरुणी होती. तिचे नाव आनंदीबाई जोशी. तिचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन दगावले होते. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर ते वाचले असते, ही टोचणी तिच्या मनास लागून राहिली होती. स्त्रियांवर उपचार करणारी स्त्री डॉक्टर आपल्या देशात हवी, आणि ती आपणच व्हावे, असा निश्चय करून ती अमेरिकेस निघाली होती. पती गोपाळराव मागे राहिले होते. सोबतीस ओळखीच्या मिशनरी स्त्रिया होत्या, पण आपले म्हणावे असे माणूस बोटीवर एकही नव्हते.

बंगालचा उपसागर, हिंदी महासागर, तांबडा समुद्र, सुवेझचा कालवा, भूमध्य समुद्र, इंग्लंड आणि शेवटी अथांग अटलांटिक महासागर, अशी ती वाट होती. ता. ४ जून रोजी आनंदीबाई न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. प्रवासास अठ्ठावन्न दिवस लागले. त्यांना उतरवून घेण्यास कार्पेंटर नावाच्या एक अमेरिकन बाई आल्या होत्या. दोघींनी एकमेकींस पूर्वी कधी पाहिले नव्हते. पत्रांनी त्यांची मैत्री जडली होती. आणि त्या पत्रांनाही समुद्र ओलांडण्यास कित्येक आठवडे लागत.

तीन वर्षांनी, १८८६ च्या मार्च महिन्यात, फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी आनंदीबाईंनी मिळवली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलेली होती. परंतु तोवर क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कहून निघून, इंग्लंडमार्गे व सुवेझच्या कालव्यातून त्या नोव्हेंबरात मुंबईस पोचल्या. म्हणजे आजारी माणसाने महिन्याहून अधिक काळ बोटीच्या हेलकाव्यांत काढला. पुढे १८८७ च्या फेब्रुवारीच्या २६ तारखेस, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला.

आज मुंबईच्या विमानतळावरून रात्री निघालेला विद्यार्थी सुमारे पंधरा-सोळा तासांत न्यूयॉर्क येथे उतरू शकतो. मुंबई तेथेच आहे, न्यूयॉर्कही तेथेच आहे. पृथ्वी काही आक्रसलेली नाही. मग महिन्याचे तास कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर दोन गोष्टी निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत. एक अंतर आणि दुसरी अवधी.

आपल्या बोलण्यात या दोन गोष्टी नेहमीच एकमेकींत मिसळलेल्या असतात. शेजारचे घर 'हाकेच्या अंतरावर' असते. पूर्वीचा वाटसरू परगावास 'दोन दिवसांची वाट' म्हणे. आळंदीहून पंढरपुरास जाणारा वारकरी कोस मोजीत नाही, मुक्काम मोजतो. पायी चालणाऱ्याचा वेग ठरलेला असल्यामुळे त्याला अंतर सांगितले काय आणि अवधी सांगितला काय, एकच. पण वाहन बदलले, वाट बदलली, वारा बदलला, की अंतर आणि अवधी यांची फारकत होते. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन नगरांच्या उदाहरणावरून ही फारकत चांगली समजते.

प्रथम अंतराचा विचार करू. वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला असतो. त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढली, तर ती अरबी समुद्र, अरबस्तान व आफ्रिकेचा उत्तर भाग यांवरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट म्हणजे सरळ रेषा, हे भूमितीत शिकविलेले असते. तेव्हा विमानांची जवळची वाट हीच असली पाहिजे, असे कोणासही वाटेल. या वाटेची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते.

आता शाळेतील पृथ्वीचा गोल कपाटावरून खाली काढावा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरावे, दुसरे न्यूयॉर्कवर धरावे, आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा नेहमी सर्वांत जवळची वाट धरतो. पाहणाऱ्यास आश्चर्याचा धक्का बसतो, कारण दोरा अरबस्तानाकडे वळतच नाही. तो कच्छवरून उत्तरेकडे निघतो. क्वेट्ट्याजवळून, तुर्कमेनिस्तान व कझाकस्तान यांच्या मैदानांवरून तो मॉस्कोजवळ पोचतो. तेथून फिनलंडचे दक्षिण टोक, स्वीडन, नॉर्वे, आइसलंड असा जाऊन ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी तो खाली वळतो, आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून न्यूयॉर्कला उतरतो. मुंबई साधारण १९ उत्तर अक्षांशावर आहे आणि न्यूयॉर्क ४१ वर. तरीही दोरा वाटेत जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत, उत्तर ध्रुववृत्ताच्या सीमेनजीक, चढून येतो. या वाटेची लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. सरळ दिसणाऱ्या रेघेपेक्षा ही वाकडी दिसणारी वाट सुमारे १,६७० किलोमीटरांनी कमी आहे. एवढ्या अंतरात विमानाचे जवळजवळ दोन तास वाचतात.

डोळ्यांना सरळ दिसते ते लांब आणि वाकडे दिसते ते जवळ, असे का व्हावे? दोष रेघेचा नाही, कागदाचा आहे. संत्र्याची साल सोलून पाटावर सपाट दाबू लागले तर ती जागोजाग फाटते. गोल पृष्ठभाग न फाडता, न ताणता सपाट करता येत नाही. भिंतीवरच्या ज्या नकाशात रेखावृत्ते एकमेकांस समांतर काढलेली असतात, त्या नकाशात पृथ्वी उत्तरेकडे व दक्षिणेकडे ओढून ताणलेली असते. प्रत्यक्षात रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत जातात आणि ध्रुवावर मिळतात. नकाशा मात्र त्यांना दूरदूरच ठेवतो. त्यामुळे तेथे ग्रीनलंड हे बेट आफ्रिका खंडाएवढे मोठे दिसते. वस्तुतः आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट आहे. उत्तरेकडचे प्रदेश नकाशात फुगलेले असल्यामुळे तिकडून जाणारी वाटही फुगून लांब दिसते. गोलावर ती मुळातच आखूड असते.

गोलावर ताणलेला दोरा दोन्ही टोकांकडून पुढे वाढवीत नेला, तर तो संपूर्ण पृथ्वीभोवती फिरून तिचे दोन समान भाग करतो. अशा वर्तुळास बृहद्‌वृत्त म्हणतात. पृथ्वीवरील कोणत्याही दोन गावांमधील सर्वांत जवळची वाट ही अशाच एखाद्या वृत्ताचा तुकडा असते. विषुववृत्त हे बृहद्‌वृत्त आहे, आणि प्रत्येक रेखावृत्त हे बृहद्‌वृत्ताचा अर्धा भाग आहे. मात्र मुंबईवरून जाणारे अक्षवृत्त तसे नाही. ते पृथ्वीचे समान दोन भाग करीत नाही.

ही गोष्ट जुन्या खलाशांना ठाऊक होती. परंतु बोटीला डोंगर चढता येत नाही, वाळवंट ओलांडता येत नाही. समुद्र जिकडे नेईल तिकडेच बोट जाते. आनंदीबाईंची बोट त्यामुळेच एवढा वळसा घालून गेली. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला नसता, तर तिला साऱ्या आफ्रिका खंडास प्रदक्षिणा घालावी लागली असती. जवळची वाट माहीत असणे वेगळे आणि त्या वाटेने जाता येणे वेगळे. त्यासाठी माणसास पंख लागतात.

ते पंख हळूहळू फुटले. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग या पंचवीस वर्षांच्या अमेरिकन वैमानिकाने न्यूयॉर्कहून एकट्याने उड्डाण केले, आणि कोठेही न थांबता साडेतेहतीस तासांनी तो पॅरिसला उतरला. हे अंतर सुमारे ५,८०० किलोमीटर होते. निघण्यापूर्वी त्याने बृहद्‌वृत्ताची वाट नकाशावर आखून काढली होती, आणि तिचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले होते. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तो होकायंत्रावरील दिशा थोडीशी बदलीत गेला. धैर्य तर त्याच्या अंगी होतेच, पण त्या धैर्यामागे पट्टी, पेन्सिल आणि गणितही होते.

भारतातही या सुमारास प्रारंभ होत होता. १९२९ सालापासून लंडनची टपाल विमानाने कराचीपर्यंत येऊ लागली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी ती टपाल एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानात घातली, आणि कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे आणून उतरवली. पत्राची वाट पाहणाऱ्या कितीतरी घरांचे दिवस त्यामुळे वाचले. सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबले. १९६० साली त्याच कंपनीची जेट विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये एअर इंडियाचे विमान मुंबईहून निघून वाटेत कोठेही न थांबता न्यूयॉर्कला उतरले.

वाटेत थांबावे का लागत असे? इंधनासाठी. बैलगाडीच्या प्रवासात बैलांना वैरण-पाण्यासाठी सोडावे लागते, तसेच हे. दूर जाण्यास अधिक इंधन हवे. पण इंधनालाही वजन असते, आणि ते वजन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जाळावे लागते. २००७ साली या वाटेवर उडालेल्या प्रकारच्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे वजन जास्तीत जास्त सुमारे ३४७ टन असू शकते, आणि त्याच्या टाक्यांत सुमारे १४५ टन इंधन मावते. म्हणजे वजनाच्या पाच हिश्शांपैकी दोन हिस्से इंधनाचेच असू शकतात. कमी इंधनात अधिक ओढणारी इंजिने आणि हलके पण मजबूत सांगाडे तयार झाले, तेव्हा कोठे एका दमात एवढा पल्ला गाठता आला.

आता अवधीकडे वळू. मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढा परत येण्यास लागत नाही. जाताना साधारण पंधरा-सोळा तास, तर येताना साधारण चौदा तास लागतात. अंतर तर तेच आहे. मग हा फरक कोठून आला?

कोकणातल्या खाडीतील नावाड्यास हा प्रश्न विचारला, तर तो क्षणात उत्तर देईल. ओहोटीच्या पाण्याबरोबर समुद्राकडे निघालेली नाव थोडक्या वेळात पोचते. त्याच पाण्याच्या विरुद्ध वर येताना नावाड्याचे दंड भरून येतात. आकाशातही असेच प्रवाह आहेत. जमिनीपासून सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, जेथून मोठी विमाने जातात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. विषुववृत्ताकडील हवा उष्ण आणि ध्रुवाकडील हवा थंड, या फरकामुळे व पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे ते निर्माण होतात. त्यांतील सर्वांत वेगवान पट्ट्यांत वाऱ्याचा वेग कित्येकदा ताशी दोनशे किलोमीटरांच्या वर जातो. अमेरिकेकडे जाणारे विमान बहुधा त्यांच्या विरुद्ध जाते. येणाऱ्या विमानास ते पाठीमागून रेटा देतात.

हा फरक साध्या भागाकाराने समजतो. समजा, विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किलोमीटर आहे आणि सबंध वाटेवर वाऱ्याचा वेग सरासरीने ताशी ६० किलोमीटर आहे. जाताना विमान जमिनीच्या हिशेबाने ताशी ८४० किलोमीटरच पुढे सरकेल. १२,५३० ला ८४० ने भागले असता १४ तास ५५ मिनिटे येतात. येताना तेच विमान ताशी ९६० किलोमीटर वेगाने येईल, आणि त्यास सुमारे १३ तास ३ मिनिटे पुरतील. एका वाऱ्याने जाण्यायेण्यात जवळजवळ दोन तासांचा फरक पडला. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे, वाटेतील वळसे हे सारे त्यात मिळवले, म्हणजे प्रत्यक्षातील अवधी मिळतो.

वैमानिक या वाऱ्यांचा अभ्यास निघण्यापूर्वीच करतात. समोरचा वारा टाळण्यासाठी किंवा पाठचा वारा मिळवण्यासाठी ते बृहद्‌वृत्ताची वाट सोडून थोडे उत्तरेस वा दक्षिणेस सरकतात. अंतर शंभर-दोनशे किलोमीटरांनी वाढले तरी चालते, जर त्याने अवधी कमी होत असेल. शहाणा नावाडीही खाडीत नेमकी हीच युक्ती करतो. प्रवाहास छेद न देता तो काठाकाठाने नाव हाकतो.

वाऱ्याखेरीज आणखी एक अडचण असते, आणि ती माणसांनी निर्माण केलेली आहे. आकाशात कुंपणे दिसत नाहीत, पण हद्दी आहेत. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे, असे १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात मान्य करण्यात आले. परवानगी नसेल तर त्या आकाशातून जाता येत नाही. मुंबईहून निघणारा दोरा पाकिस्तान, मध्य आशिया व रशिया यांच्यावरून जातो. २०१९ साली पाकिस्तानने काही महिने आपली हवाई हद्द बंद ठेवली, तेव्हा उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून लांबचा वळसा घ्यावा लागला. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाने अनेक देशांच्या विमानांस आपले आकाश बंद केले. दोन राष्ट्रांचे बिनसले, की हजारो किलोमीटर दूरच्या प्रवाशाचे घड्याळ पुढे सरकते. पृथ्वीचा गोल सांगतो ती वाट जवळची खरी, पण तिच्यावरून जाता यावे म्हणून शेजाऱ्यांत सलोखाही हवा.

शेवटी घड्याळाची गंमत पाहू. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी पुरी करते, म्हणजे एका तासात ती १५ अंश फिरते. भारताची प्रमाण वेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून धरतात, तर न्यूयॉर्कची ७५ अंश पश्चिम रेखावृत्तावरून. दोहोंमधील फरक साडे एकशेसत्तावन्न अंश. त्यास १५ ने भागले की साडेदहा तास येतात. न्यूयॉर्कचे घड्याळ मुंबईच्या साडेदहा तास मागे असते. उन्हाळ्यात तेथे घड्याळे एक तास पुढे करतात, म्हणून त्या दिवसांत हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

समजा, जुलै महिन्यात एक विमान मुंबईहून रात्री दीड वाजता निघाले आणि त्यास सोळा तास लागले. ते पोचेल तेव्हा मुंबईत सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतील, परंतु न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी सकाळचे आठ वाजलेले असतील. पाहणारा म्हणेल, केवढा हा वेग! साडेसहा तासांत पोचले! परतीचे विमान न्यूयॉर्कहून सकाळी अकरा वाजता निघाले आणि त्यास चौदा तास लागले, तर मुंबईत उतरताना दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेदहा वाजलेले असतील. घड्याळे पाहून हिशेब करणारा म्हणेल, साडेतेवीस तास लागले! दोन्ही उत्तरे चूक आहेत. प्रवाशाने जाताना सोळा तास काढले आणि येताना चौदा. घड्याळे खोटे बोलत नाहीत, पण ती आपापल्या गावचे खरे बोलतात. दोन गावच्या घड्याळांतील वेळा वजा करण्यापूर्वी त्यांना एका भाषेत आणले पाहिजे. प्रवाशाच्या शरीराला मात्र हा हिशेब चटकन उमगत नाही. ते पुढे काही दिवस मुंबईच्याच वेळेस भूक आणि झोप मागत राहते.

अशा रीतीने 'मुंबईहून न्यूयॉर्क किती दूर?' या लहानशा प्रश्नात भूगोल, गणित, पदार्थविज्ञान आणि राज्याराज्यांतील संबंध हे सारे दडलेले आहेत. दोन्ही नगरांमधील जवळची वाट १८८३ साली होती तेवढीच आज आहे. माणसाने ती वाट ओळखली, तीवर उडण्याजोगे यंत्र घडविले, वाऱ्याशी मैत्री केली, आणि देशादेशांत करार करून ती खुली ठेवण्याचा प्रयत्न चालविला. त्यामुळे अवधी घटला.

याचा लाभ कोणास? परदेशी शिकणाऱ्या मुलास घरून वाईट बातमी आली, तर तो दुसऱ्या दिवशी आईजवळ येऊन बसू शकतो. गोपाळरावांस पत्नीची खुशाली कळण्यासही आठवडे थांबावे लागत होते. ज्या आजाराने आनंदीबाईंचा अंत झाला, त्यावर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. तेव्हा विमान असते तर त्या वाचल्या असत्या, असे म्हणता येत नाही. पण आजारी देहाने आगबोटीवर काढलेले ते दिवस त्यांना आपल्या माणसांत काढता आले असते, एवढे खास.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्या अस्थी अमेरिकेतील कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. त्या बाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी या गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. तेथे आजही आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभा आहे. पत्रे आठवड्यांनी पोचत, माणसे महिन्यांनी पोचत, तरीही त्या दोघींमध्ये अंतर उरले नव्हते.

शब्दार्थ

अवधी – काळ, लागणारा वेळ. आगबोट – वाफेच्या शक्तीवर चालणारे जहाज. टोचणी – मनास सतत बोचणारी गोष्ट. आक्रसणे – आखडून लहान होणे. फारकत – ताटातूट. बृहद्‌वृत्त – गोलाचे दोन समान भाग करणारे वर्तुळ. पल्ला – एका दमात गाठावयाचे अंतर. सलोखा – एकमेकांतील चांगला संबंध. दंड भरून येणे – श्रमाने बाहू दुखू लागणे.

स्वाध्याय

१. आनंदीबाई अमेरिकेस का गेल्या? त्यांच्या बोटीस एवढा मोठा वळसा का घ्यावा लागला?

२. नकाशावरची सरळ रेघ लांब आणि गोलावरचा दोरा आखूड, याचे कारण आपल्या शब्दांत लिहा.

३. 'घड्याळे खोटे बोलत नाहीत, पण ती आपापल्या गावचे खरे बोलतात.' या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. वारा मुळीच नसता तर पाठातील विमानास जाऊन येण्यास एकूण किती वेळ लागला असता? वारा असताना लागलेल्या एकूण वेळाशी तो ताडून पाहा. जाताना गमावलेला वेळ येताना पुरता भरून निघतो काय?

५. शाळेतील पृथ्वीचा गोल घेऊन मुंबईपासून टोकियो, सिडनी व केपटाउन या नगरांपर्यंत दोरा ताणा. दोरा कोणकोणत्या देशांवरून वा समुद्रांवरून जातो, ते वहीत लिहा.

६. पुढील शब्द वाक्यांत वापरा : मजल दरमजल, वळसा घालणे, रेटा देणे, एका दमात.